महासंगणक, गहू आणि अमेरिकन काँग्रेस : व्यापारनिर्बंधांतील सवलतींची संसदीय तपासणी

व्यापारनिर्बंधांचा इतिहास बहुधा निर्बंध घालणाऱ्या शासनाच्या, किंवा ते सोसणाऱ्या राष्ट्राच्या दृष्टीने लिहिला जातो. निर्बंधांतून ज्या सवलती दिल्या जातात त्या कोणी मागितल्या आणि कोणत्या सभागृहाने त्या तपासून पाहिल्या, या प्रश्नाकडे त्या मानाने कमी लक्ष जाते. वस्तुतः निर्बंधाचे खरे स्वरूप त्याच्या अपवादांतच प्रकट होते. पुणे शहराशी निकटचा संबंध असलेल्या एका प्रकरणाच्या आधारे या विधानाची परीक्षा करण्याचा येथे विचार आहे.

१९८० नंतरच्या दशकात भारताने हवामानाच्या पूर्वानुमानासाठी अमेरिकेकडे क्रे जातीच्या महासंगणकाची मागणी केली. मोठ्या यंत्राला अनुमती मिळाली नाही. त्याहून लहान यंत्र, आणि तेही कडक अटींवर, देऊ करण्यात आले. ज्या यंत्रावर पावसाचे गणित मांडता येते त्याच यंत्रावर अण्वस्त्रांचे व क्षेपणास्त्रांचेही मांडता येते, हे त्यामागील कारण होते. या अनुभवाच्या पार्श्वभूमीवर १९८८ मध्ये पुणे येथे प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे 'सी-डॅक', स्थापन झाले. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली या केंद्राने १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक सिद्ध केला. त्यातील प्रक्रियक ब्रिटिश बनावटीचे होते, ही गोष्ट येथे लक्षात ठेवावयास हवी. एका देशाने दार लावले तरी सुटे भाग दुसऱ्या दाराने येऊ शकतात. आणि अमेरिकन उत्पादकांचा आपल्या शासनापुढील मुख्य युक्तिवाद नेमका हाच होता.

हा युक्तिवाद १९९५ मध्ये बव्हंशी मान्य झाला. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी संगणकांच्या निर्यातीवरील नियंत्रण सैल केले. भारत, पाकिस्तान, चीन, रशिया इत्यादी देश तिसऱ्या श्रेणीत घालण्यात आले. दर सेकंदाला २,००० दशलक्ष सैद्धान्तिक क्रिया करणाऱ्या यंत्रापर्यंत त्यांना परवान्याची गरज उरली नाही; ग्राहक नागरी असल्यास ही मर्यादा ७,००० होती. ग्राहक नागरी आहे की लष्करी, हे ठरविण्याचे काम मात्र प्रथमतः विक्रेत्यावरच पडले. अमेरिकन यंत्रे १९९६ मध्ये रशियातील एका अण्वस्त्र प्रयोगशाळेत पोहोचली होती हे पुढे उघड झाले, तेव्हा या व्यवस्थेतील उणीव सर्वांच्या ध्यानात आली.

त्यानंतर काँग्रेसने हे प्रकरण आपल्या हाती घेतले. नोव्हेंबर १९९७ मध्ये संमत झालेल्या संरक्षणविषयक कायद्यान्वये अशा प्रत्येक निर्यातीची पूर्वसूचना देणे उत्पादकांना बंधनकारक झाले. दहा दिवसांत कोणत्याही संबंधित खात्याने हरकत घेतल्यास परवाना आवश्यक ठरे. मर्यादा वाढवावयाची झाल्यास राष्ट्राध्यक्षाने काँग्रेसला सकारण अहवाल देऊन १८० दिवस थांबावे, असेही ठरले. काँग्रेसच्या लेखापरीक्षण कार्यालयाने सप्टेंबर १९९८ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवून दिली : १९९५ चा निर्णय ज्या अभ्यासावर आधारलेला होता, त्याच्या निष्कर्षांना पुरेसा प्रत्यक्ष पुरावाच नव्हता. सवलत योग्य की अयोग्य, हा प्रश्न निराळा; ती कोणत्या आधारावर दिली गेली, हे विचारणे हे सभागृहाचे काम होते आणि ते त्याने केले.

परंतु याच सभागृहाचे दुसरे रूप १९९८ मध्ये दिसते. ११ व १३ मे रोजी पोखरण येथे अणुचाचण्या झाल्या आणि १९९४ च्या ग्लेन दुरुस्तीनुसार भारतावर निर्बंध आले. त्याच महिन्याच्या अखेरीस चाचण्या करणाऱ्या पाकिस्तानवरही ते आले. पाकिस्तानची गहूखरेदी जवळ आली होती. त्यामुळे शेतमालासाठी दिली जाणारी पतहमी निर्बंधांतून वगळणारे विधेयक सिनेटने ९८ विरुद्ध ० मतांनी संमत केले आणि १४ जुलै रोजी त्यावर स्वाक्षरीही झाली. ऑक्टोबरमध्ये झालेल्या दुसऱ्या कायद्याने एक वर्षापुरती आर्थिक निर्बंध स्थगित करण्याची मुभा दिली. मात्र लष्करी साहित्य व विशिष्ट तांत्रिक वस्तू यांवरील निर्बंध त्यातून वगळले. नोव्हेंबरमध्ये तर भारतीय व पाकिस्तानी संस्थांची एक मोठी यादीच प्रसिद्ध झाली. गव्हाला वाट मोकळी झाली, संगणकाला झाली नाही. गहू पिकविणाऱ्या संस्थानांना सिनेटमध्ये प्रत्येकी दोन मते होती, या साध्या घटनात्मक वस्तुस्थितीचा या वेगाशी संबंध नाही असे म्हणणे कठीण आहे.

तथापि केवळ हितसंबंधांचे प्राबल्य एवढाच निष्कर्ष काढणे एकांगी होईल. ऑक्टोबर १९९९ च्या कायद्यात काँग्रेसने स्वतःच असे मत नोंदविले की, सुमारे ३०० संस्थांवर सरसकट नियंत्रण लादणे हे अमेरिकेच्या सुरक्षाहिताशी विसंगत असून, संहारक शस्त्रांच्या निर्मितीला प्रत्यक्ष व भरीव हातभार लावणाऱ्यांपुरतेच ते असावे. याच कायद्याने राष्ट्राध्यक्षास निर्बंध स्थगित करण्याचा व्यापक अधिकार दिला आणि २२ सप्टेंबर २००१ रोजी तो वापरण्यात आला.

यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, अपवाद करण्याचा अधिकार कार्यकारी सत्तेकडे असला तरी त्याची कारणे सभागृहापुढे मांडावी लागतात तेथेच निर्बंधांना धोरणाचे रूप येते. एरवी ती परवान्यांची देवघेव ठरते. दुसरी अशी की, ही तपासणी कितीही काटेकोर असली तरी तिच्यापुढे आपली बाजू मांडणारे लोक त्या सभागृहाचे मतदार किंवा त्यांचे प्रतिनिधी असतात. वॉशिंग्टनच्या सभागृहात उत्पादक होता, शेतकरी होता, लष्करी अधिकारी होता; पुण्याच्या प्रयोगशाळेतील संशोधकाला तेथे स्थान नव्हते. त्याच्या यंत्राचा निर्णय मात्र तेथेच होत होता. परराष्ट्रांवर निर्बंध घालण्याचे सामर्थ्य आज भारताकडेही आहे, हे लक्षात घेता हा विचार आपल्या संसदेच्या अभ्यासकांनाही टाळता येण्यासारखा नाही.