एका क्लबची बदली

२८ मे २००२ रोजी लंडनमध्ये तीन जणांच्या समितीने निकाल दिला. दोघांचं मत एका बाजूला, एकाचं दुसऱ्या बाजूला. त्या निकालाने विम्बल्डन फुटबॉल क्लबला विम्बल्डन सोडून सुमारे ९० किलोमीटर दूर मिल्टन कीन्स नावाच्या गावी जायची परवानगी मिळाली. ११३ वर्षं जुना क्लब, आणि त्याची बदली एखाद्या सरकारी नोकराच्या बदलीसारखी कागदावर झाली.

हो, हे टेनिसचंच विम्बल्डन. पण दक्षिण लंडनच्या त्या भागात राहणाऱ्या हजारो लोकांसाठी विम्बल्डन म्हणजे निळी-पिवळी जर्सी आणि प्लाउ लेन नावाचं एक छोटं, जुनाट मैदान होतं. या लोकांनी पुढे जे केलं त्याबद्दल मी बरंच वाचलं आहे. बहुतेक ठिकाणी ती ‘चाहत्यांनी जिंकलेली लढाई’ म्हणून सांगितली जाते. मला ती तशी वाटत नाही. ते लढाई हरले होते. हरल्यावर त्यांनी काय केलं, ही खरी गोष्ट आहे.

इंग्लंडमधला फुटबॉल क्लब म्हणजे काय हे समजून घ्यायला आयपीएल उपयोगाची नाही. त्यासाठी कोल्हापूरला जावं लागेल. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, शिवाजी तरुण मंडळ. शाहू स्टेडियमवर खेळणारे हे संघ पेठांतून, तालमींतून उगवले. उद्या कुणी म्हणालं की पाटाकडील तालीम मी विकत घेतली आणि आता ती इचलकरंजीला नेतो, तर कोल्हापूरकर आधी हसतील, मग बाह्या सरसावतील. विम्बल्डनचंही असंच होतं. १८८९ साली एका शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी हा क्लब काढला. विम्बल्डन कॉमन या मोकळ्या माळावर खेळायचं आणि जवळच्या ‘फॉक्स अँड ग्रेप्स’ पबमध्ये कपडे बदलायचे, अशी सुरुवात. १९१२ पासून प्लाउ लेन हे त्यांचं घर झालं.

अनेक दशकं हा क्लब हौशी आणि अर्धव्यावसायिक स्पर्धांत खेळत होता. १९७७ मध्ये त्याला फुटबॉल लीगमध्ये प्रवेश मिळाला आणि अवघ्या नऊ वर्षांत तो सगळ्यात वरच्या डिव्हिजनमध्ये पोहोचला. १४ मे १९८८ रोजी वेम्बलीवर एफए कपच्या अंतिम सामन्यात त्यांनी त्या वर्षीच्या लीगविजेत्या लिव्हरपूलला १-० ने हरवलं. गोल लॉरी सांचेझचा. गोलकीपर आणि कप्तान डेव्ह बीझंटने जॉन ऑल्ड्रिजची पेनल्टी अडवली. वेम्बलीवरच्या एफए कप फायनलमध्ये पेनल्टी अडवणारा तो पहिला गोलकीपर.

आता इथून पुढे नीट लक्ष द्या, कारण क्लब गेला २००२ मध्ये असं सगळे म्हणतात, पण माझ्या मते तो जायला लागला ११ वर्षं आधी.

१९८९ मध्ये शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरी झाली. त्यात जखमी झालेल्यांपैकी काहींचा नंतर मृत्यू झाला आणि बळींची संख्या अखेर ९७ वर गेली. त्यानंतर आलेल्या टेलर अहवालाने सांगितलं की वरच्या डिव्हिजनच्या मैदानांत उभ्याने सामना बघायची सोय बंद, सगळीकडे खुर्च्या हव्यात. प्लाउ लेन जुनं होतं, अपुरं होतं. क्लबच्या व्यवस्थापनाचं म्हणणं पडलं की ते सुधारणं परवडणार नाही. म्हणून १९९१ मध्ये क्लब सेलहर्स्ट पार्कवर, म्हणजे क्रिस्टल पॅलेस या दुसऱ्या क्लबच्या मैदानावर, भाडेकरू म्हणून राहायला गेला. अंतर दहाएक किलोमीटर. तात्पुरती सोय, नवीन मैदान बांधून होईपर्यंत.

‘तात्पुरतं’ या शब्दाची आपल्याला चांगली ओळख आहे. संक्रमण शिबिरात तात्पुरते गेलेले लोक तिथेच म्हातारे झालेले मुंबईने पाहिले आहेत. विम्बल्डनचे चाहतेही तसेच सेलहर्स्टला जात राहिले. नवीन मैदान काही आलं नाही. तेव्हाचे मालक सॅम हम्माम यांच्या काळात क्लब थेट आयर्लंडमध्ये, डब्लिनला न्यायची कल्पना पुढे आली. चाहत्यांनी विरोध केला, आयर्लंडच्या फुटबॉल संघटनेनेही केला आणि ती बारगळली. १९९७ मध्ये क्लबचा ताबा दोन नॉर्वेजियन उद्योगपतींकडे गेला. पाठोपाठ प्लाउ लेनची जागा सेफवे या सुपरमार्केट कंपनीला विकली गेली. तिथे सुपरमार्केट कधी झालंच नाही. पुढे फ्लॅट झाले आणि इमारतींना क्लबच्या जुन्या लोकांची नावं मिळाली. मैदान पाडून त्या जागेवरच्या इमारतीला तिथल्याच खेळाडूचं नाव देणं, हे बिल्डर लोकांना जगात सगळीकडे सुचतं असं दिसतं.

१४ मे २००० रोजी, त्या कप विजयाला बरोबर बारा वर्षं झाली त्या दिवशी, क्लब प्रीमियर लीगमधून खाली घसरला. ऑगस्ट २००१ मध्ये अध्यक्ष चार्ल्स कोपेल यांनी जाहीर केलं की क्लब मिल्टन कीन्सला जाणार.

मिल्टन कीन्सच का? हे गाव १९६७ साली सरकारने आराखड्यावर आखून वसवायला घेतलं. लोकसंख्या वाढली, रस्ते झाले, पण लीगमध्ये खेळणारा क्लब नव्हता. पीट विंकलमन या संगीत व्यवसायातल्या माणसाच्या पुढाकाराने तिथे मोठ्या स्टेडियमची योजना आखली गेली होती आणि तिला जोडून आस्दा आणि आयकिया यांची दुकानं येणार होती. स्टेडियम हवं तर त्यात खेळायला मोठा क्लब हवा. गावातला छोटा क्लब तळापासून वर चढवायचा तर वर्षानुवर्षं जाणार. त्यापेक्षा वरच्या पायरीवरचा, बेघर झालेला क्लब आणणं सोपं. म्हणजे एका गावाकडे घर होतं आणि माणसं नव्हती, दुसऱ्या गावाकडे माणसं होती आणि घर नव्हतं. आधी प्लाउ लेन गेलं नसतं तर हा व्यवहार सुचलाही नसता.

फुटबॉल लीगच्या संचालक मंडळाने आधी हा प्रस्ताव एकमताने फेटाळला होता. क्लबने दाद मागितली, लवाद झाला आणि शेवटी प्रकरण फुटबॉल असोसिएशनने नेमलेल्या त्या तिघांच्या समितीकडे गेलं. तोवर चाहत्यांनी करण्यासारखं सगळं केलं होतं. मोर्चे काढले, निधी जमवला, कागदपत्रं तयार केली, समितीपुढे साक्षी दिल्या. समितीतल्या दोघांचा मुद्दा साधा होता: हा क्लब तोट्यात आहे, दक्षिण लंडनमध्ये तो तगणार नाही, अपवाद म्हणून जाऊ द्यावं. हा मुद्दा निव्वळ खोटा नव्हता, हे मान्य करायला हवं. पैसा खरंच बुडत होता. पण त्याच अहवालात असंही म्हटलं होतं की चाहत्यांनी राखेतून नवा क्लब उभा करणं फुटबॉलच्या व्यापक हिताचं नाही. हे वाक्य चाहत्यांना इतकं लागलं की पुढे त्यांनी ते घोषणेसारखं मिरवलं.

निकालानंतर दोनच दिवसांनी विम्बल्डनमधल्या समाजमंदिरात सभा भरली. अजून कोर्टकचेरी करायची का, यावर बोलणं चालू होतं. तेव्हा क्रिस स्ट्युअर्ट नावाचा चाहता उभा राहिला आणि म्हणाला की भांडून भांडून तो थकलाय, त्याला आता फक्त फुटबॉल बघायचा आहे. या चळवळीतलं हे मला सगळ्यात महत्त्वाचं बोलणं वाटतं. त्यात विजयाची भाषा नाही. त्याला शनिवारी दुपारी ओळखीच्या लोकांबरोबर उभं राहून सामना बघायचा होता, बस. आणि त्यासाठी मालकाची परवानगी लागत नाही, हे त्या खोलीतल्या लोकांच्या तिथे लक्षात आलं.

महिनाभरात एएफसी विम्बल्डन हा क्लब तयार झाला. मालकी चाहत्यांच्या ट्रस्टकडे, एका सभासदाला एक मत. २९ जून रोजी विम्बल्डन कॉमनवर खेळाडूंची खुली निवड चाचणी झाली आणि सुमारे २३० जण आले. जिथे १८८९ मध्ये सुरुवात झाली त्याच माळावर. १० जुलैला सटन युनायटेडविरुद्ध पहिला सराव सामना. एएफसी विम्बल्डन ४-० ने हरलं. पण प्रेक्षक होते ४,६५७.

नव्या क्लबला जागा मिळाली ती नवव्या पायरीवर, कम्बाइन्ड काउंटीज लीगमध्ये. तिथले सामने सहसा मूठभर लोक बघतात. सँडहर्स्ट टाउनविरुद्धच्या पहिल्या लीग सामन्याला २,४४९ लोक गेले. त्याच मोसमात जुना विम्बल्डन क्लब, मिल्टन कीन्सचं मैदान तयार नसल्याने, सेलहर्स्ट पार्कवरच खेळत होता आणि चाहत्यांनी बहिष्कार घातला होता. ऑक्टोबर २००२ मध्ये रॉदरहॅमविरुद्धच्या सामन्याला, देशातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या डिव्हिजनमध्ये, ८४९ प्रेक्षक होते. त्या वर्षी एएफसी विम्बल्डनच्या घरच्या सामन्यांची सरासरी गर्दी जुन्या क्लबपेक्षा जास्त राहिली. क्लब नक्की कोणता, या प्रश्नाचं याहून स्पष्ट उत्तर कुठलं कोर्ट देणार?

पुढचा चढ आकड्यांतच सांगतो. फेब्रुवारी २००३ ते डिसेंबर २००४ या काळात लीगचे सलग ७८ सामने ते हरले नाहीत. २०११ मध्ये ल्युटनला पेनल्टीवर हरवून ते फुटबॉल लीगमध्ये परतले. नऊ मोसमांत पाच बढत्या. २०१६ मध्ये वेम्बलीवर प्लिमथला हरवून तिसऱ्या पायरीवर. तिथे मिल्टन कीन्सचा संघ त्यांच्याच डिव्हिजनमध्ये होता.

तो संघ २००३ मध्ये तिकडे गेला आणि २००४ मध्ये नाव बदलून एमके डॉन्स झाला. ‘डॉन्स’ हे विम्बल्डनचं जुनं लाडकं नाव. पुढे वाटाघाटी होऊन २००७ मध्ये एमके डॉन्सने जुन्या क्लबचे चषक आणि इतिहासावरचा दावा विम्बल्डन ज्या भागात येतं त्या मर्टन परगण्याकडे सोपवला. नाव मात्र सोडलं नाही. २०१७ मध्ये एएफसीने आपल्या मैदानावरच्या धावफलकावर पाहुण्यांचं नाव नुसतं ‘एमके’ लिहिलं आणि लीगने त्यावरून कारवाईही सुरू केली.

इथपर्यंतची गोष्ट ऐकून मान ताठ होते. पण तिला एक पोटगोष्ट आहे आणि ती वगळली तर लबाडी होईल. एएफसी विम्बल्डन आधी किंग्समेडो या मैदानावर भाड्याने खेळायचं, २००३ मध्ये त्यांनी ते विकत घेतलं. ते मूळ किंगस्टोनियन या छोट्या, जुन्या क्लबचं मैदान. आर्थिक संकटात त्यांच्या हातून ते आधीच गेलं होतं आणि आता ते विम्बल्डनचे भाडेकरू झाले. पुढे विम्बल्डनला आपल्या गावात मैदान बांधायला पैसे हवे होते, म्हणून किंग्समेडो चेल्सीला विकलं. किंगस्टोनियनला मदत म्हणून रक्कम मिळाली, पण २०१७ मध्ये ते आपल्या मैदानावरून उठले आणि दुसऱ्यांच्या दारात गेले. बेघर झालेल्यांनी घर मिळवताना दुसऱ्या कुणाचं छप्पर गेलं. यात विम्बल्डनवाल्यांना खलनायक ठरवण्यात अर्थ नाही, कायद्याने मैदान त्यांचं होतं. पण जमीन ज्याच्या नावावर त्याचं म्हणणं शेवटी चालतं, हा नियम त्यांनी मोडला नाही. ते फक्त त्याच्या बऱ्या बाजूला आले.

नवीन मैदानही सहज झालं नाही. २०१९ अखेर लाखो पौंड कमी पडले आणि बाहेरच्या गुंतवणूकदारांना हिस्सा देण्याची चर्चा सुरू झाली. तेव्हा चाहत्यांनी रोखे काढले आणि २०२० च्या सुरुवातीला ५० लाख पौंडांहून जास्त रक्कम उभी केली. ३ नोव्हेंबर २०२० रोजी, जुन्या मैदानापासून काही पावलांवर, नव्या प्लाउ लेनवर पहिला सामना झाला. डॉनकास्टरविरुद्ध २-२. कोविडमुळे एकाही चाहत्याला आत सोडलं नव्हतं. २९ वर्षं वाट बघून घर झालं आणि वास्तुशांत टीव्हीवर बघावी लागली.

हे सगळं वाचताना मला पुण्याचं आठवत राहतं. एफसी पुणे सिटी हा संघ २०१४ पासून इंडियन सुपर लीगमध्ये बालेवाडीला खेळायचा. नारिंगी जर्सी घालून, ढोल घेऊन जाणारी पोरं होती. २०१९ मध्ये आर्थिक कारणाने संघ बंद झाला आणि त्याची लीगमधली जागा हैदराबादला गेली. २०२५ मध्ये तीच फ्रँचायझी हैदराबादहून दिल्लीला गेली. पुण्यात सुनावणी करायला समिती नव्हती आणि साक्ष द्यायला बोलावणं नव्हतं. आपल्याकडे तशी प्रथाच नाही. शहराचं नाव जर्सीवर असतं, करारात शहराला काही स्थान नसतं.

म्हणून विम्बल्डनची गोष्ट मी प्रेरणेसाठी वाचत नाही, हिशेबासाठी वाचतो. त्यांच्याकडे चढायला जिना होता: नवव्या पायरीवर का होईना, नव्या क्लबला प्रवेश मिळत होता आणि जिंकलं की वर जाता येत होतं. पुण्यातल्या पोरांनी दुसऱ्या दिवशी माळावर चाचणी घेतली असती तरी तिथून देशाच्या वरच्या लीगपर्यंत एकेक पायरी चढत जायचा असा सरळ रस्ता २०१९ मध्ये नव्हता. चाहत्यांची निष्ठा दोन्हीकडे सारखीच असेल. फरक जिन्याचा आहे. आपला आवडता संघ विकला जातोय अशी बातमी उद्या फोनवर आली, तर मालक कोण हे विचारालच. त्याबरोबर मैदानाची जागा कुणाच्या नावावर आहे आणि नव्याने सुरुवात करायला खालची पायरी आहे का, हेही विचारा.

२०२५ च्या मे महिन्यात एएफसी विम्बल्डन वेम्बलीवर वॉलसॉलला हरवून पुन्हा तिसऱ्या पायरीवर गेलं. एमके डॉन्स त्या वर्षी चौथ्या पायरीवरच राहिला. विम्बल्डनवाल्यांना याचा आनंद झाला नसेल असं मी म्हणणार नाही.