आग्रा रस्ता (मुंबई शहरातील भाग)

मुंबईच्या कोटातून निघून भायखळा, चिंचपोकळी, लालबाग, परळ, दादर, माटुंगा असा शीवपर्यंत जाणारा आणि पुढे कुर्ला, ठाणे, भिवंडी, कसारा घाट, नाशिक, धुळे, इंदूर, ग्वाल्हेर या वाटेने आग्र्याला पोचणारा जुना हमरस्ता. शहरातल्या भागाला पूर्वी परळ रोड म्हणत. भायखळ्यापासून शीवपर्यंतचा पट्टा आता डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्ग म्हणून ओळखला जातो. शीवपलीकडच्या भागाला लालबहादूर शास्त्री मार्ग हे नाव मिळाले, तरी भांडुप-मुलुंडची जुनी माणसे अजून ‘आग्रा रोड’च म्हणतात. भारतातील पहिली संघटित मोटार रॅली मानली जाणारी १९०४-०५ ची दिल्ली-मुंबई चाचणी याच हमरस्त्याच्या मार्गाने झाली. स्थानिक इतिहासाचे अभ्यासक आणि हौशी मंडळी गेली काही वर्षे हा रस्ता पायी हिंडून पाहू लागली आहेत. मैलाचे दगड, जुने नकाशे आणि जमिनीचे चढउतार या त्यांच्या मुख्य खुणा.

रस्त्याला सुरुवातीचे महत्त्व आले ते परळच्या गव्हर्नमेंट हाउसमुळे. जेझुइट पाद्र्यांकडून अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात कंपनी सरकारने घेतलेली ही वास्तू पुढे गव्हर्नरचे निवासस्थान झाली, आणि कोट ते परळ ही गव्हर्नरच्या बग्गीची नेहमीची वाट ठरली. १८८२ मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नीचा तेथे पटकीने मृत्यू झाला. त्यानंतर गव्हर्नरांचा मुक्काम मलबार पॉइंटला हलला. १८९९ मध्ये वाल्डेमार हाफकिन यांची प्लेगची प्रयोगशाळा या वास्तूत आली. आजची हाफकिन संस्था ती हीच. वाटेत भायखळ्याला १८८३ पर्यंत घोड्यांच्या शर्यती होत. त्या वर्षी नवे मैदान महालक्ष्मीला झाले. मोटार येण्यापूर्वी मुंबईकरांनी वेगाचा खेळ पाहिला तो या रस्त्याच्या कडेला.

रस्त्याच्या उत्तर टोकाला शीवची खाडी आडवी होती. जोनाथन डंकन गव्हर्नर असताना, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, शीव आणि कुर्ला यांना जोडणारा बांध पुरा झाला आणि गाडी न सोडता साष्टीत उतरण्याची सोय झाली. आग्र्याकडची वाहतूक शहरात आणणारा खरा दरवाजा हा बांध होय. त्याकडे हौशी मंडळींचे अजून पुरेसे लक्ष गेलेले नाही.

मैलाचे दगड हा या रस्त्याचा सर्वांत बोलका पुरावा आहे. कोटातील सेंट थॉमस चर्चपासून अंतर मोजून ते बसवले गेले. चर्चपासून निघणारी एक रांग काळबादेवी, ताडदेव या बाजूने जाते आणि दुसरी भायखळा-परळ-दादरच्या बाजूने. दगड काळ्या बेसॉल्टचे, वर रोमन आकडा आणि खाली सेंट थॉमस चर्चपासूनचे मैल असा मजकूर. दादरला चित्रा चित्रपटगृहासमोरच्या दगडावर सहाचा आकडा आहे. परळच्या दामोदर हॉलजवळचा दगड त्याच्या एक मैल अलीकडे येतो. १८३७ मध्ये या चर्चला कॅथेड्रलचा दर्जा मिळाला. दगडांवर तो उल्लेख नाही, यावरून ते त्याआधीचे ठरवले जातात.

यांतले बरेच दगड शतकभर कोणाच्या गणतीत नव्हते. रस्ता दुरुस्त करताना दर वेळी खडीचा आणि डांबराचा नवा थर चढतो, पदपथही त्याबरोबर उंचावतो आणि दगड जागच्या जागी गाडला जातो. काहींचा केवळ माथा वर राहिला होता आणि आकडा जमिनीखाली गेला होता. फेरीवाल्यांनी त्यांचा टेकू केला, रंगाऱ्यांनी कठड्याबरोबर त्यांनाही रंगवले. हौशी अभ्यासकांनी एकेक दगड हुडकून नोंदवला. पुढे महापालिकेच्या पुरातन वास्तू जतन विभागाने ते खणून, रंग काढून, वर उचलून पुन्हा बसवले. गाडलेला दगड बाहेर काढला की त्या ठिकाणी रस्ता किती चढला आहे ते हाताने मोजता येते. प्रस्तुत लेखकाला हे दगड शहरातल्या अनेक पुतळ्यांपेक्षा मोलाचे वाटतात: दोनशे वर्षांपूर्वी या वाटेने जाणाऱ्याला जे वाचायला मिळे, तेच अक्षरशः आज वाचता येते.

दामोदर हॉलचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. ९ मार्च १९२४ रोजी डॉ. आंबेडकरांनी येथे बोलावलेल्या सभेतून बहिष्कृत हितकारिणी सभेची स्थापना झाली. परळच्या बी. आय. टी. चाळीतून ते पुढे दादरच्या हिंदू कॉलनीतील ‘राजगृहा’त राहायला गेले. ही दोन्ही घरे या रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर आहेत, त्यामुळे रस्त्याला त्यांचे नाव अगदी जागचे आहे.

१९०४ ची मोटार चाचणी ‘मोटार युनियन ऑफ वेस्टर्न इंडिया’ या संस्थेने भरवली. अंतर ८१० मैल, म्हणजे सुमारे १,३०० किलोमीटर. डिसेंबरच्या अखेरीस दिल्लीहून निघालेल्या मोटारी १९०५ च्या आरंभी मुंबईला आल्या. आजच्या अर्थाने ती शर्यत नव्हती. गाडी ठरल्या टप्प्यांनी, धडपणे मुक्कामाला पोचते का, हे पाहणे हा तिचा गाभा होता. त्या काळी मोटार हे श्रीमंतांचे आणि संस्थानिकांचे नवे वेड होते. हिंदुस्थानातल्या धुळीत, घाटांत आणि नद्यांच्या उतारांवर ती टिकेल का, याची विकणाऱ्यांना आणि घेणाऱ्यांना सारखीच शंका होती. रस्ता खडी-मुरमाचा, वर पाणी शिंपून रूळ फिरवलेला. पुढची गाडी गेली की मागच्याला धुळीखेरीज काही दिसू नये, अशी अवस्था. पेट्रोल डब्यांतून मिळे. सगळ्यांत अवघड टप्पा कसारा घाटाचा. तो उतरून मोटारी सपाट कोकणपट्टीत आल्या की मुंबई आवाक्यात येई.

शहरातल्या पट्ट्यात तेव्हा काय दिसत होते, ते जुन्या नकाशांवरून कळते. कर्नल लाफ्टन यांनी १८६५ ते १८७२ या काळात केलेल्या सर्वेक्षणात परळ-दादरची बरीच जागा शेते, वाड्या आणि माडांची आहे. लालबाग-परळच्या गिरण्या त्यानंतरच्या. १९०५ मध्ये शीवकडून आत आलेल्या मोटारींतल्यांना आधी वाड्या-शेते आणि मग धुरांडी दिसली असतील. १८९६ च्या प्लेगनंतर स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंग्याची आखणी हाती घेतली. पारशी कॉलनी, हिंदू कॉलनी, फाइव्ह गार्डन्स ही त्याची फळे. नव्या रस्त्यांची काटकोनी आखणी आणि त्यांतून किंचित तिरका जाणारा जुना हमरस्ता हा फरक दादरला खोदादाद सर्कलपाशी उभे राहिले तरी ध्यानात येतो.

भूरूप समजून घ्यायला पावसाळ्यासारखा गुरू नाही. मुंबईचे बेट आणि परळचे बेट यांच्यातला सखल भाग भरून शहर एक झाले, पण जमिनीने आपली पातळी सोडली नाही. परळ आणि दादर यांच्यामधला हिंदमाता चौक हा असाच खोलगट, बशीच्या तळासारखा भाग. चारी बाजूंचे पाणी येथे उतरते. मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकदम आला की गुडघाभर पाण्यातून बस ढकलत नेणारे लोक ही दर जुलैची बातमी असे. अलीकडे महापालिकेने दादरच्या प्रमोद महाजन उद्यानाखाली आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली साठवण टाक्या बांधल्या. हिंदमाताचे पाणी त्यांत खेचून घेतले जाते आणि ओहोटी लागली की सोडले जाते. लालबागच्या उड्डाणपुलावरून (२०११) गाडीने जाणाऱ्याला हे चढउतार कळत नाहीत. पुलाखालून, लालबागच्या मसाल्याच्या गल्ल्या आणि भारतमाता चित्रपटगृहावरून पायी गेले, तर पोटऱ्यांना कळतात.

मोटारींच्या आधी या रस्त्यावर सत्ता ट्रामची होती. मुंबईत घोड्यांची ट्राम १८७४ मध्ये आणि विजेची १९०७ मध्ये सुरू झाली. दादर टी. टी. या नावातला ‘ट्राम टर्मिनस’ अजून टिकून आहे. ३१ मार्च १९६४ च्या रात्री मुंबईची अखेरची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली. तिला निरोप द्यायला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गर्दी लोटली होती. मोटारधंदाही याच पूर्व बाजूला वाढला. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला गाड्या जुळवण्याचा कारखाना काढला, तर वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कुर्ल्याचा कारखाना आग्रा रस्त्यालाच लागून होता.

स्वातंत्र्यानंतर वेगाच्या शर्यती सार्वजनिक रस्त्यांवरून धावपट्ट्यांवर गेल्या: मद्रासजवळ शोलावरम, कलकत्त्याजवळ बराकपूर, मुंबईत जुहू. तरी या हमरस्त्याने आणखी एक मोठी स्पर्धा पाहिली. २४ नोव्हेंबर १९६८ रोजी लंडनहून सिडनीकडे निघालेल्या ‘मॅरेथॉन’मधील ९८ मोटारी युरोप, तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान ओलांडून दिल्लीला यायच्या होत्या. तिथून आग्रा-इंदूरमार्गे मुंबई हा आशिया खंडातला शेवटचा टप्पा. त्यासाठी दिलेली वेळ सुमारे २३ तासांची. वाटेवर गावोगावी तोबा गर्दी. ७२ मोटारी मुंबईला पोचल्या; त्या वेळी रॉजर क्लार्क आघाडीवर होते, पण अखेरीस जिंकले अँड्र्यू कोवन. मुंबईहून मोटारी ‘चुसान’ या बोटीने ऑस्ट्रेलियाला गेल्या. जे अंतर १९०४ मध्ये काही दिवसांचे होते, ते ६४ वर्षांनी एका दिवसात बसले, आणि मार्ग मुख्यतः तोच राहिला. या दोन्ही घटनांचा उल्लेख करणारा फलक रस्त्यावर कोठेही नाही. मैलाच्या दगडांशेजारी तो सहज लावता येईल आणि लावायला हवा.

रस्ता पाहू इच्छिणाऱ्याने रविवारी पहाटे हॉर्निमन सर्कलपासून सुरुवात करणे सोयीचे. सेंट थॉमस कॅथेड्रल त्याला लागूनच आहे आणि जुन्या मोटारींच्या वार्षिक फेऱ्याही काही वर्षे येथूनच सुटल्या. भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालय (१८७२) आणि राणीची बाग (१८६२) वाटेवरच लागतात. घारापुरीचा दगडी हत्ती संग्रहालयाच्या आवारात आहे. पुढचा परळ-दादरचा टप्पा दगड शोधण्याचा. शेवट शीवच्या किल्ल्यावर करावा. सतराव्या शतकात जेराल्ड आँजिए यांच्या कारकिर्दीत इंग्रजांनी बांधलेला हा किल्ला त्यांच्या ताब्यातील बेट आणि पोर्तुगीजांची साष्टी यांच्या सीमेवर नजर ठेवी. चढ दहा मिनिटांचा आहे. वर पडके बुरूज आहेत आणि उत्तरेला शीव-कुर्ल्याचा सखल पट्टा, लोहमार्ग आणि त्यांना ओलांडून ठाण्याकडे जाणारा आग्रा रस्ता दिसतो.