एका खोट्या तळाची बखर

खोटं नाणं, खोटं वजन, खोटी साक्ष आणि खोटे दस्तऐवज यांचा इतिहासात पुष्कळ बोलबाला आहे. चौतीस वर्षं मी साताऱ्यात इतिहास शिकवला, त्यातली निम्मी वर्षं या चौघांतच गेली. पण खोट्या तळावर कुठल्याही बखरकाराने दोन ओळी खर्ची घातल्याचं मला आठवत नाही. खोटा तळ म्हणजे रहस्यकथेतल्या पेटीचा चोरकप्पा नव्हे. मी म्हणतोय तो स्वयंपाकघरातला. भांड्याच्या खऱ्या तळापासून बोटभर उंचीवर बसवलेली भोकाभोकांची ताटली. घट्ट ते वर राहतं, पातळ ते खाली जातं, आणि भांडं एकच असून दोन भांड्यांचं काम करतं.

तुमच्याही घरी तो आहे. मोदकपात्रात आहे. कुकरच्या तळाशी जी जाळी असते (म्हणजे घेताना असते, पुढे ती कुठे जाते हे कुणालाच सांगता येत नाही), तीही त्याच कुळातली. आमच्या आईकडे मोदकपात्र नव्हतं. पातेल्यात पाणी, पातेल्यावर पिठाची चाळण, चाळणीत हळदीचं पान, वर झाकण. नागपंचमीला चिरायचं नाही, तळायचं नाही, म्हणून पुरणाची दिंडं उकडायची, तीही याच चाळणीवर. एरवी तीच चाळण पीठ चाळी आणि गव्हातले खडे धरी. एका वस्तूकडून तीन कामं करून घेणं याला हल्ली कायसा इंग्रजी शब्द आहे. तेव्हा त्याला संसार म्हणत.

या तळाकडे मी इतिहासाच्या मास्तराच्या नजरेने पाहायला लागलो तो भाच्यामुळे. भाचा अमेरिकेत मिलवॉकीला असतो. ते गावच बियरचं. गेल्या शतकाआधी जर्मनांनी तिथे कारखाने काढले आणि गावाने पुढे दुसरं नाव काढलं नाही. तिथे माणसं घरीसुद्धा बियर करतात, आपल्याकडे गच्चीत गुलाब लावतात तशी. १९७८ साली प्रेसिडेंट कार्टर यांनी सही केली आणि घरापुरती बियर करायला तिथे केंद्र सरकारची आडकाठी उरली नाही. इंग्रजांनी त्यांच्या देशात यासाठीचा परवाना १९६३ सालीच काढून टाकला होता. आपल्याकडे मात्र १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा अजून उभा आहे. नाव बदलून महाराष्ट्राचा झाला, पण परवान्यावाचून घरात असलं काही करणं हा गुन्हा तो गुन्हाच.

तर भाच्याचा फोन. "मामा, तुमच्याकडे तांबट आळीत एक स्टीलची जाळी करून मिळेल का? बारा इंची. इथे शंभर डॉलर सांगतात. मी श्रावणात येतोच आहे, बॅगेत टाकून नेईन." मग आवाज खाली आणून, "आईला मात्र सांगू नका."

जाळी कशाला, हे त्याने मला माझ्या भाषेत समजावलं. "मामा, कुरडयांचा चीक आठवतो?" न आठवायला काय झालं? गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटायचे, पिळायचे. चीक खाली, कोंडा वर. बियरचंही अर्धं काम तेच. सातूला मोड आणायचे, वाळवायचे, जाडसर भरडायचे आणि पासष्ट अंशाच्या पाण्यात तासभर झाकून ठेवायचे. मोडांत धान्याची साखर करणारी द्रव्यं असतात, ती आपलं काम करतात आणि पाणी गोड होतं. मग ते गोड पाणी खालून काढून घ्यायचं आणि चोथा वर ठेवायचा. इथे खोटा तळ लागतो.

आणि गंमत अशी की ही जाळी गाळतच नाही. गाळतात ती सातूची टरफलं. ती एकावर एक बसतात, त्यांचाच थर चाळणीसारखा होतो, आणि त्या थराला खालून नुसता हात द्यायचा एवढंच जाळीचं काम. भरड फार बारीक झाली की थर चिखलासारखा बसतो आणि थेंब उतरत नाही. कडेला फट राहिली तर सगळा भुसा त्या फटीतून खाली. मास्तरकी केलेल्या माणसाला हे तत्त्व पटकन कळतं. वर्गात शिकवतात ती पोरंच एकमेकांना, मास्तराने खाली उभं राहायचं.

मग मी वाचायला बसलो. सुमेरियात चार हजार वर्षांपूर्वी बुडाला भोक असलेली भांडी होती. बियर गाळणीच्या भांड्यातून खालच्या रांजणात पडे, आणि त्या पडण्याच्या आवाजाचंसुद्धा त्यांना कौतुक. फिनलंडमध्ये पोखरलेल्या ओंडक्यात गवत आणि जुनिपर झुडपाच्या डहाळ्या अंथरतात, तोच तळ. चार्ली पापाझियन नावाच्या अमेरिकन गृहस्थाने १९८४ च्या आपल्या पुस्तकात प्लॅस्टिकच्या दोन बादल्या एकात एक घातल्या आणि आतलीच्या बुडाला शेकडो भोकं पाडली. गरिबाला परवडणारा तळ हाच. आपल्या देशात सर्वांत चतुर ते सिक्कीमचे लोक. आंबवलेल्या नाचणीत, म्हणजे आपल्याच नाचणीत, ते गरम पाणी ओततात आणि बांबूच्या नळीने ओढतात. नळीचं टोक बंद, बाजूला बारीक चिरा. भांड्यात तळ बसवायची कटकटच नको, खोटा तळ नळीच्या टोकाला! आपल्याकडे कारखान्यातली बियर आणली ती साहेबाने. हिमालयात मरी ब्रुअरीचा कारभार पाहणाऱ्या एडवर्ड डायरचाच मुलगा जालियनवाला बागेचा डायर. हे वाचल्यावर त्या दिवशी पुढे वाचवेना.

आमच्या हातभट्टीला मात्र हा तळ लागत नाही. तिथे काळा गूळ आणि नवसागर, भुशाचं नाव नाही. म्हणून आमच्या भागात दारू होती पण जाळी नव्हती. पत्र्याचा आणि दारूचा संबंध एवढाच की १९४३ ते १९४६ या काळात नाना पाटलांचं प्रतिसरकार इथे चाललं, त्याला लोक पत्री सरकार म्हणत, आणि त्या सरकारने गावोगाव दारूबंदी केली. तेव्हा सातारा जिल्हा एकच. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० साली त्याचं नाव सांगली पडलं. प्रतिसरकारचं कुंडल आज पलूस तालुक्यात आहे, आणि त्याच पलूसला पुढे सरकारने वाइनसाठी पार्क काढला. इतिहास शिकवताना चेहरा गंभीर ठेवावा लागतो तो अशा जागी.

ताई सांगलीला दिली. जिल्ह्याची फाळणी झाली तरी तिचा हुकूम अविभाजित साताऱ्यावर चालतो. तिच्या घरी दारू हा शब्द उच्चारत नाहीत. तिच्या चुलत सासऱ्यांचा हळदीचा मळा होता. सांगलीच्या बाजारात हळदीचे सौदे झाले की अडत्याकडून पट्टी घेऊन ते निघत. गाव नऊ मैलांवर. बैलगाडी रात्री घरी येई, बैलांना वाट पाठ होती म्हणून. पट्टी येत नसे. चार वर्षांत मळा गेला. ताई लग्न होऊन आली तेव्हा चुलत सासूबाई दुसऱ्याच्या काहिलीवर हळद शिजवायला जात होत्या. या घरातला मुलगा मला म्हणतो, आईला सांगू नका.

तांबटाकडे गेलो. पूर्वी या आळीत ठोक्यांनी कान किटत. स्टील आलं, स्टीलला कल्हई लागत नाही, आणि आळी गप्प झाली. उरलेल्या दुकानांतल्या एकात माझा जुना विद्यार्थी बसतो.

"कशाला पायजे म्हणायचं, सर?"

"उकडायला," मी म्हणालो.

"मोदकाला एवढी भोकं लागत न्हाईत." त्याने पुढे विचारलं नाही. सनावळ्या न विचारल्याबद्दल मी त्याला सोडत असे, त्याची ही परतफेड असावी.

पण डोकं त्याचं. नवा पत्रा कापायचा, त्याला पाय लावायचे, म्हणजे खर्च. त्याने स्टीलचं एक जुनं जेवणाचं ताट काढलं आणि पालथं घातलं. ताटाची कड हेच पाय! खाली बोटभर पोकळी आपोआप. पालथ्या घड्यावर पाणी फुकट जातं, पालथ्या ताटावरचं कामाला येतं. सेंटिमीटरला एक भोक अशी आखणी केली. सगळी मिळून सातशेच्या घरात. एका भोकाला एक रुपया. स्टीलला ड्रिल हळू फिरवावं लागतं, वर तेल सोडत, नाहीतर टोक बोथट होतं. तीन टोकं गेली. चौथ्याचे पैसे मी आपणहून दिले.

नागपंचमीच्या आदल्या दिवशी एसटीने सांगलीला गेलो. भाचा येऊन पोचला होता. ताईने माझी पिशवी नेहमीप्रमाणे न विचारता उपसली. ताट उजेडाकडे धरलं.

"हे हळदीच्या ड्रमासारखं आहे," ती म्हणाली.

मला तोवर ठाऊक नव्हतं. काहिलीत हळद नुसती टाकली तर तळची शिजून पिठूळ होते आणि वरची कच्ची राहते. पुढे शेतकीवाल्यांनी भोकांचे ड्रम आणले. हळद ड्रममध्ये, ड्रम काहिलीतल्या उकळत्या पाण्यात. शिजली की ड्रम उचलायचा आणि त्याच पाण्यात दुसरा सोडायचा. गवताची काडी हळदीत सहज टोचली की झालं. म्हणजे सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात या भोकांचाही थोडा वाटा धरायला हरकत नाही. हल्ली वाफेचे बॉयलर आलेत.

"आता खरं सांगा. कशाला?"

मी भाच्याकडे पाहिलं. त्याने सगळं सांगितलं. गुलाबाचं उदाहरणही दिलं. ताईने ऐकून घेतलं.

"किती पितोस?"

"शनिवारी दोन ग्लास. मित्र असले तर."

"आणि नसले तर?"

"तर करण्यातच वेळ जातो गं आई. मला करायला आवडतं."

ती काही बोलली नाही. ताट घासायला टाकलं. दुसऱ्या दिवशी त्या सातशे भोकांवर दिंडं उकडली. मी आजवर खाल्लेल्यांत ती उत्तम होती, वाफ सगळीकडून सारखी लागते. दुपारी भांडी आवरल्यावर ती भाच्याला म्हणाली, "कर बघू. मला बघायचंय काय असतं ते."

"आई, इथे कायदा—"

"कायद्यापर्यंत जायचंच नाही. गोड पाण्यापर्यंत कर."

सातू घरात नव्हता. नाचणीचं सत्त्व करायला मोड आणून वाळवलेली नाचणी डब्यात होती, ती भरडली. पाण्याचं स्टीलचं पिंप रिकामं केलं. तोटीसकट आयतं मिळालेलं यंत्र ते. ताट पालथं आत बसवलं. कडेला फट राहिली तिथे ताईने ओल्या फडक्याची चुंबळ वळून कोंबली. गरम पाणी, वर नाचणी, झाकण, आणि पिंपाला दोन गोधड्या. तासाभराने भाच्याने तोटी उघडली.

थेंब नाही. फुंकून पाहिलं, हलवून पाहिलं. तो कपाळाला हात लावून म्हणाला, "नाचणीला टरफल नसतं ना. थर बसला."

"मग टरफल घाल," ताई म्हणाली.

"कुठलं?"

"चुरमुऱ्याच्या भट्टीवर तूस पडलेलं असतं. जा, पिशवीभर घेऊन ये."

अमेरिकेत हे तूस पुडीत घालून याच कामासाठी विकतात, हे त्याने स्कूटरवर बसता बसता मला सांगितलं. भट्टीवाल्याने पैसे घेतले नाहीत. ताईने तूस चार पाण्यांनी धुतलं, ताटावर दोन बोटं जाड पसरलं आणि नाचणी परत वर ओतली. तोटी उघडली तशी धार लागली, गढूळ. भाचा काही सांगायच्या आत तिने ती पातेल्यात धरली आणि पुन्हा वरून ओतली. आमच्याकडे दुसऱ्या धंद्यात पहिल्या धारेची किंमत सर्वांत जास्त. इथे पहिली धार परत जाते. तिसऱ्या खेपेला पाणी चहाच्या रंगाचं, स्वच्छ पडायला लागलं.

ताईने वाटीत घेतलं. वेलदोडा घातला. थोडं प्यायली, मग उरलेलं सगळं प्यायली.

"हे तर तुला लहानपणी पाजायचे मी," ती म्हणाली. मग तोटी स्वतःच्या हाताने बंद केली, ताट बाहेर काढून पुसलं, आणि भाच्याच्या उघड्या बॅगेत त्याच्या शर्टांवर नेऊन ठेवलं. "इथवर मी शिकवलं. पुढचं तू तुझ्या घरी कर. आणि शनिवारी रात्री फोन करायचा. झोपण्याआधी."