चूक कुणाची, आणि किती?

तिठ्यावर अपघात झाला की पोलीस येण्याआधीच बघ्यांचा निवाडा तयार असतो. ‘बसवाल्याचीच चूक’, नाहीतर ‘पोरगाच सुसाट होता’. दोघांचीही थोडी थोडी चूक असेल, असे सहसा कुणी म्हणत नाही. कायद्यालाही तसे म्हणायला फार वर्षे लागली.

गोष्ट इंग्लंडमधल्या डर्बीची. फॉरेस्टरने घराची डागडुजी करताना रस्त्यात आडवा वासा टाकून ठेवला होता. दिवेलागणीला बटरफील्ड दारूच्या गुत्त्यातून निघाला, घोडा भरधाव सोडला आणि त्या वाशाला अडून पडला. जबर जखमी झाला. शंभर यार्डांवरून वासा दिसण्याइतका उजेड होता, असे साक्षीत आले. १८०९ साली निकाल लागला : स्वतः काळजी न घेणाऱ्याला भरपाई नाही. एक पैसुद्धा नाही.

कारखान्यांच्या आणि रेल्वेच्या शतकात हा नियम गरिबांना महाग पडला. मजुराची किंचित हयगय दाखवता आली की मालक सुटला!

पहिली पळवाट दाखवली ती एका गाढवाने. मालकाने पुढचे पाय बांधून त्याला रस्त्यावर सोडले होते. वेगात आलेल्या घोडागाडीखाली ते मेले. मालक चुकला खरा, पण गाडीवानाला ते टाळता आले असते, म्हणून १८४२ साली मालकाला भरपाई मिळाली. तरी ‘सगळे किंवा काहीच नाही’ ही रीत तशीच राहिली. ती मोडली १९४५ च्या ब्रिटिश कायद्याने. ज्याची जेवढी चूक, तेवढीच त्याची भरपाई कापायची.

भारतात असा सर्वसाधारण कायदा झाला नाही, पण न्यायालयांनी तत्त्व स्वीकारले. भरपाई दहा लाख ठरली आणि मृताची चूक २५ टक्के निघाली, तर घरच्यांना साडेसात लाख मिळतात.

मात्र कात्री उगाच चालवता येत नाही. एका मोटारसायकलवर तिघे होते, मागून मोटारीने ठोकरले. तिघे बसले म्हणून उच्च न्यायालयाने मृताच्या भरपाईतून १० टक्के कापले. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने ती कपात रद्द केली. तिघे बसणे हा नियमभंग आहेच, पण त्यामुळे अपघात घडला किंवा इजा वाढली, हे दिसायला हवे.

‘चूक आमच्याच माणसाची होती’ असे म्हणून गप्प बसणाऱ्या घराला कुणीतरी हे सांगायला हवे. थोडी चूक म्हणजे सगळी चूक नव्हे.