सोस्सो-बालाचा राखणदार

महंमद तुघलकाच्या दिल्लीत काझीपद भूषविलेल्या आणि दौलताबादचे वर्णन लिहून ठेवलेल्या इब्न बतूताचे नाव आपणांस परिचित आहे. हाच प्रवासी १३५२ साली पश्चिम आफ्रिकेतील माली राज्याच्या राजधानीत पोहोचला. तेथील दरबारात त्याने दूघा नावाचा दुभाषी पाहिला. राजाशी बोलावयाचे असल्यास आपले म्हणणे प्रथम दूघाला सांगावे, असा दंडक होता. आणि सणाच्या दिवशी हाच दूघा भोपळे लावलेले वाद्य वाजवून राजाची स्तुती गाई.

ते वाद्य म्हणजे बालाफोन आणि वादकांचा तो वर्ग म्हणजे ‘जेली’. त्यांना नुसते भाट म्हणून मोकळे होणे अन्यायाचे ठरेल. मांदिंग लोकांच्या वंशावळी जेलींना मुखोद्गत असत. सोयरीक जुळविणे, तंटे मिटविणे हीही त्यांचीच कामे. सिंहासनस्थ राजाला पूर्वजांच्या सत्कृत्यांचे स्मरण देऊन तसेच वागण्यास दरबारी कवी बजावीत, हेही इब्न बतूताने नोंदविले आहे.

गिनी देशातील न्यागासोला गावी कुयाते घराण्याच्या दोकाला शाखेने ‘सोस्सो-बाला’ हा पवित्र बालाफोन जतन केला आहे. लांबी सुमारे दीड मीटर, वीस लाकडी पट्ट्या आणि प्रत्येकीखाली एक भोपळा. परंपरा सांगते, की हे वाद्य तेराव्या शतकातील सोस्सोचा राजा सुमाओरो कांते याचे. सुंजाता केताचा जेली बाला फासेके याने ते वाजविले, तेव्हा राजा प्रसन्न झाला आणि त्याने त्याला आपल्यापाशीच ठेवून घेतले. १२३५ च्या सुमारास किरिनाच्या लढाईत सुंजाताने सुमाओरोचा पराभव करून माली साम्राज्याचा पाया घातला. पुढे साम्राज्य लयास गेले. वाद्य मात्र बाला फासेकेच्या वंशजांकडे राहिले.

घराण्यातील वडीलधारा पुरुष हा ‘बालातिगी’, म्हणजे वाद्याचा धनी. परंतु हे धनीपण लहरीचे नव्हे. मुस्लिम नववर्ष, काही अंत्यविधी अशा ठरावीक प्रसंगीच ते वाद्य वाजते. सात वर्षांपासूनच्या मुलांना बालाफोन शिकविणे हेही त्याचे कर्तव्य होय. किंबहुना त्याच्या वडीलकीचा खरा आधार हाच. युनेस्कोने २००१ साली या परंपरेचा गौरव केला. तथापि तरुण मंडळी शहरांकडे जाऊ लागल्याने शिष्यांचीच वाण पडू लागली. बदलीच्या गावी मुलांना घरी मराठी शिकविणाऱ्या आपणांस ही चिंता वेगळी समजावून सांगावयास नको.