सिंगापूर ते न्यूयॉर्क विमानप्रवास : अंतर किती, वेळ किती?

सिंगापूरचा चांगी विमानतळ आणि न्यूयॉर्कचा जॉन एफ. केनेडी विमानतळ यांच्यातील हवाई अंतर सुमारे १५,३५० किलोमीटर आहे. मध्ये कुठेही न थांबता हा प्रवास करायला साधारण साडेअठरा ते एकोणीस तास लागतात. नियमित विमानसेवांमधील हा जगातील सर्वांत लांब थेट प्रवासांपैकी एक आहे. तुलनेसाठी, मुंबई ते न्यूयॉर्क हे अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर भरते.

अंतर कसे मोजतात?

हवाई अंतर म्हणजे पृथ्वीच्या गोल पृष्ठभागावरचा सर्वांत जवळचा मार्ग. पृथ्वीगोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरला, तर तो उत्तर ध्रुवाच्या अगदी जवळून जातो. चांगी १०४ अंश पूर्व रेखांशावर आहे आणि केनेडी सुमारे ७४ अंश पश्चिम रेखांशावर. म्हणजे दोन्ही विमानतळ पृथ्वीच्या जवळजवळ विरुद्ध बाजूंना येतात. चांगीपासून ध्रुव ८८.६ अंश दूर आणि ध्रुवापासून केनेडी ४९.४ अंश. बेरीज १३८ अंश. एका अंशाला साधारण १११.२ किलोमीटर धरले, की वरचा आकडा मिळतो.

मग विमान ध्रुवावरूनच जाते का?

बहुतेक वेळा नाही. साधारण १० किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात त्यांचा वेग कधी कधी ताशी ३०० किलोमीटरच्याही पुढे जातो. असा वारा पाठीशी मिळावा म्हणून सिंगापूरहून निघालेले विमान अनेकदा जपानच्या बाजूने पॅसिफिक महासागर ओलांडते. हा मार्ग हजारभर किलोमीटरने लांब पडू शकतो, तरी वेळ आणि इंधन वाचते. थोडक्यात, सर्वांत कमी अंतराचा मार्ग हा सर्वांत कमी वेळाचा असतोच असे नाही. मार्ग रोजच्या वाऱ्यांनुसार ठरत असल्याने प्रत्यक्ष वेळही रोज थोडी बदलते.

कोणते विमान वापरतात?

सिंगापूर एअरलाइन्सने २००४ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या नेवार्कला थेट सेवा सुरू केली. त्यासाठी चार इंजिनांचे एअरबस ए३४०-५०० वापरले जाई. इंधनाचा खर्च परवडेना, म्हणून २०१३ मध्ये ती बंद झाली. दोन इंजिनांचे ए३५०-९०० यूएलआर आल्यावर २०१८ मध्ये नेवार्कची सेवा पुन्हा सुरू झाली आणि २०२० मध्ये केनेडीची. या विमानात १,६५,००० लिटर इंधन मावते, पण आसने फक्त १६१ आहेत. वजन कमी ठेवण्यासाठी साधा इकॉनॉमी वर्ग त्यात नाही.

पोहोचण्याची तारीख कशी काढायची?

न्यूयॉर्कचे घड्याळ सिंगापूरच्या १३ तास मागे असते, उन्हाळ्यात १२ तास. हिवाळ्यातील सोमवारी दुपारी १२ वाजता सिंगापूरहून निघून साडेअठरा तास प्रवास केला, तर न्यूयॉर्कला त्याच सोमवारी संध्याकाळी साडेपाच वाजलेले असतात. परतताना उलट होते. सोमवारी रात्री १० वाजता निघालेला प्रवासी तेवढ्याच वेळात सिंगापूरला पोहोचतो, तेव्हा तिथे बुधवारची पहाट झालेली असते. त्यामुळे हॉटेल किंवा पुढचे विमान ठरवताना तिकिटावरची पोहोचण्याची तारीख नीट पाहावी.