मधुमेह आणि रेल्वेची पाळी

आगगाडी आणि घड्याळ यांचे नाते जुने आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याकडे पहिली उतारूगाडी निघाली, आणि पुढे लक्षावधी माणसे वेळापत्रकाच्या मिनिटांवर आपला दिवस मोजू लागली. ते वेळापत्रक गाडीचे होते. गाडी चालविणाऱ्याच्या जेवणाची वेळ त्यात कोठेच नव्हती. मधुमेह जडलेल्या रेल्वे कामगाराची कहाणी या उणिवेपाशी सुरू होते.

मधुमेह आपल्या वैद्यांना प्राचीन काळापासून ठाऊक होता. चरक-सुश्रुतांनी बैठे जीवन आणि गोड-स्निग्ध आहार यांच्याशी त्याचा संबंध जोडला. त्यामुळे हा सुखवस्तूंचा रोग, असा समज दीर्घकाळ टिकला. परंतु रोग माणसाचा हुद्दा विचारीत नाही. रात्रपाळीचा स्टेशनमास्तर, इंजिनाचा चालक, रूळ तपासणारा गँगमन, कोणालाही तो गाठतो.

१९२१ साली टोरांटो येथे बॅन्टिंग आणि बेस्ट यांच्या प्रयोगांतून इन्शुलिनचा शोध लागला, आणि जानेवारी १९२२ मध्ये चौदा वर्षांच्या एका मुलाला ते प्रथम टोचण्यात आले. मृत्यूच्या दारातून परतलेली माणसे पुन्हा संसाराला लागली. मात्र या औषधाने एक अट घातली. टोचणीनंतर वेळेवर अन्न पोटात गेले पाहिजे. न गेल्यास रक्तातील साखर उतरते, घाम फुटतो, हात थरथरतात, विचार गोंधळतो. घरी असताना ही आपत्ती मूठभर साखरेने टळू शकते. धावत्या इंजिनावर मात्र सिग्नल ओळखण्यातील क्षणाची चूक शेकडो उतारूंच्या जिवावर बेतेल. म्हणूनच गाडी चालविणाऱ्यांची वैद्यकीय तपासणी कडक असते, आणि त्या कडकपणाला अन्याय म्हणता येणार नाही.

पण प्रश्नाला दुसरी बाजू आहे. वाफेच्या इंजिनांच्या काळात 'कॉल बॉय' अपरात्री दार ठोठावी, आणि चालक डबा भरून निघे. मालगाडी एखाद्या आडस्थानकावर तासन्‌तास खोळंबली, तर जेवण कोठे आणि केव्हा, हे त्याला सांगता येत नसे. अशा नोकरीत पथ्य पाळावयाचे तरी कसे?

या प्रश्नाचे काही उत्तर रुग्णालयाबाहेर मिळाले. १९१९ च्या वॉशिंग्टन येथील आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेनंतर, १९३० साली आपल्याकडे रेल्वे कायद्यात दुरुस्ती होऊन कामाच्या तासांना मर्यादा आली. १९४७ साली न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या निवाड्याने कामाच्या स्वरूपानुसार आठवड्याचे सरासरी तास ठरविले. अखंड जागरूकतेच्या कामास ४५, सर्वसाधारण कामास ५४ आणि अधूनमधून विश्रांती मिळणाऱ्या कामास ७५. मे १९७४ च्या देशव्यापी संपातही आठ तासांच्या दिवसाची मागणी होती. यांपैकी कोणाच्याही डोळ्यांपुढे मधुमेही कामगार होता असे नव्हे; तथापि नियमित पाळी आणि निश्चित विश्रांती यांची गरज त्याच्याइतकी क्वचितच कोणाला असेल.

दुसरे उत्तर पर्यायी कामाचे. वैद्यकीय वर्ग उतरलेल्या कर्मचाऱ्यास कमी जोखमीच्या जागी नेमण्याची प्रथा रेल्वेत रुजलेली आहे. १९९५ च्या अपंग व्यक्तींविषयीच्या कायद्याने, नोकरीत असताना अपंगत्व आलेल्यास काढून टाकू नये, त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यावे, असे सांगितले; २०१६ च्या कायद्यानेही ते संरक्षण राखले. मधुमेहाने दृष्टी वा पाय गमावलेल्या माणसाला हा मोठा आधार आहे.

तरीही भय संपत नाही. इंजिन सुटले की धावत्या नोकरीचा भत्ता जातो, आणि आयुष्यभर मिरविलेली ओळखही जाते. या भयाने कोणी आपला रोग लपविला, तर तो औषध चोरून घेतो, जेवण चुकल्याचे सांगत नाही, आणि सहकाऱ्यालाही धोक्याची खूण कळत नाही. उतारूंना खरा धोका आहे तो येथे. तपासणी कडक असावी. पण तपासणीच्या खोलीत शिरणाऱ्या माणसाला, खरे सांगितले तरी आपली भाकरी जाणार नाही, एवढा विश्वास असावा. तो विश्वास निर्माण करणे हे वैद्यापेक्षा प्रशासनाचे काम आहे.